पेडणेकरांचा उभा बास

आमच्या शुक्रवार मंडळाने यंदा स्मरणिका काढली. तिच्या सातव्या पानावर पेडणेकरकाकांचा फोटो आहे आणि खाली छापलं आहे, ‘काळाबरोबर चालणारा कलावंत. उभा बास सोडून त्यांनी बास गिटार आनंदाने स्वीकारली.’ या मजकुरात तीन चुका आहेत. पेडणेकर काळाबरोबर चालत नव्हते. त्यांनी बास सोडला नाही, तो त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. आणि गिटार त्यांनी स्वीकारली नाही, आनंदाने तर नाहीच नाही. फोटोत त्यांच्या मांडीवर गिटार आहे, हे खरं. पण तो फोटो उल्हासनगरच्या दुकानातला आहे, ती गिटार त्यांनी एकूण दोन-तीन मिनिटं हातात धरली होती, आणि नीट पाहिलं तर कुणाचं तरी रडकं मूल मांडीवर ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा दिसतो.

मी संपादकांना पत्र लिहिलं. त्यांचा फोन आला, "गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहिलंय ना? मग तुम्हाला त्रास काय?"

मला त्रास आहे. एक तर जे झालं नाही ते छापू नये. दुसरं म्हणजे, जे झालं त्यात सगळ्यात मोठी चूक माझी होती, आणि स्मरणिकेत तिचा उल्लेख नाही. म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. उभा बास म्हणजे व्हायोलिनच्या घडणीचं, पण माणसापेक्षा उंच वाद्य. जमिनीवर उभं करायचं, कवेत धरायचं आणि चार जाड तारा बोटांनी खेचायच्या. आमच्याकडे गाण्याच्या खाली जो ‘धुम् धुम्’ चालतो तो त्याचा. दुसरी ती पोकळ लाकडी पोटाची बास गिटार. तिलाही चार तारा, सूरही तेच, पण मांडीवर घेऊन वाजवायची. पेडणेकर पहिल्याला ‘उभा’ म्हणत आणि दुसरीला ‘आडवी’. आडवी उभ्यासारखी वाजते का, एवढाच प्रश्न होता. त्या प्रश्नाचं आम्ही जे केलं त्याची मला अजून लाज वाटते आणि रागही येतो.

पेडणेकरांची माझी ओळख भांडणाने झाली. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षांचा असताना तपासणी खात्यात लागलो. कारखान्यातल्या सगळ्या मोजपट्ट्या वर्षातून एकदा तपासायच्या आणि चुकीच्या निघतील त्यांवर लाल चिठ्ठी लावायची, हे माझं पहिलं काम. पॅटर्न शॉपमधून आलेली एक पोलादी पट्टी फुटामागे तीन मिलिमीटर जास्त भरली. मी तीनदा मोजलं. चिठ्ठी लावली. अर्ध्या तासात एक काटकुळा माणूस लाकडाच्या भुशाने माखलेला, पट्टी तलवारीसारखी धरून आमच्या खोलीत आला.

"ही चिठ्ठी कोणी डकवली?"

"मी. तुमची पट्टी चुकीची आहे. फुटाला तीन मिलिमीटर जास्त आहे."

"किती?"

"तीन. नेमकं सांगायचं तर तीनच्या किंचित वर."

"बरोबर मोजलंस. आता विचार, का."

मी काही विचारलं नाही. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून मला फाउंड्रीत नेलं. तिथे लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा घेतात आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. लोखंड निवताना आकसतं, फुटाला साधारण तीन मिलिमीटर. म्हणून लाकडी नमुना मुळातच तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशोब नको म्हणून नमुना करणाऱ्यांची पट्टीच लांब असते. जगभर असते. मला माहीत नव्हतं.

"मोजता येतं तुला मेल्या," ते भट्टीच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "कशासाठी मोजतोयस ते विचारायला शिक."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी ‘मापारी’ झालो. पुढे कारखाना बंद पडला, मी दुसरीकडे त्याच कामावर लागलो, योगायोगाने आम्ही दोघं बेलवलीत एकाच सोसायटीत राहायला आलो, ते तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या. माझी मुलं त्यांना काका म्हणत म्हणून मीही काका म्हणायला लागलो. ते मात्र खालून "ए मापाऱ्या!" अशीच हाळी देत. सोसायटीत नवीन आलेल्या लोकांना ते माझं आडनाव वाटे. दोनदा पार्सलवरही तसंच आलं.

बास त्या बंद पडलेल्या कारखान्याचाच. करमणूक क्लबच्या खोलीत मान मोडलेला पडून होता. कोणी, कधी आणला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कारखान्याचं सामान निघालं तेव्हा कॅरम, बुद्धिबळ आणि हा बास आमच्या मंडळाकडे आला. पेडणेकरांनी सात महिने खपून त्याची मान बसवली. तारांखालची पट्टी त्यांनी शिसवीची केली, तारा ज्या लाकडी पुलावर टेकतात तो पूल स्वतः कोरला. वाजवायला ते पूर्वीच शिकले होते, उल्हासनगरला लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या गोव्याच्या माणसाकडे. त्या माणसाबद्दल ते एवढंच सांगत, "कानफटात मारून शिकवलं. म्हणून सूर कानात आहे."

आमचं मंडळ शुक्रवारी भरतं, कारण आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. आणि दुरुस्तीसाठी वीजही बहुतेक शुक्रवारीच बंद ठेवतात. सकाळी दहा ते दुपारी दोन, पंखा नाही, माइक नाही, काही नाही. अंबरनाथ पूर्वेला पहिल्या मजल्यावरचा आमचा हॉल. पेटी, तबला, व्हायोलिन, दोन गाणारे आणि उभा बास. मी फक्त ऐकायला आणि हजेरी लिहायला. जुनी गाणी बसवायची आणि वर्षातून पाच-सहा कार्यक्रम करायचे. विजेवर चालणारा कीबोर्ड आमच्याकडे होता, पण शुक्रवारी त्याला झाकण घालून त्यावर चहाचे पेले ठेवत.

पेडणेकर चपला काढून, लाकडी पाटावर अनवाणी उभे राहत. पाट त्यांनीच केलेला. बासचा खालचा लोखंडी खिळा त्या पाटात रोवायचा. वाजवायला लागण्यापूर्वी ते प्रत्येकाला जागेवरून उठवून दुसरीकडे बसवत. "तू खांबामागे बसलास तर तुला मी ऐकू येणार नाही, मग तू पळशील, मग मी शिव्या देईन. त्यापेक्षा आत्ताच हल." आवडता शब्द नव्हता, पण नावडता होता. ‘जवळजवळ’. पेटीवाला म्हणाला, "काका, सूर जवळजवळ लागलाय," तर ते बास भिंतीला टेकवून खिडकीत जाऊन उभे राहत. त्याने सूर पुरता लावेपर्यंत पाठ फिरवलेली. राग असा सरळ की त्याचा हिशोब ठेवता यायचा. कोणावर का रागावले ते त्या माणसाला नेहमी माहीत असे.

एकदा कात्रपला एका सोसायटीच्या वर्धापनदिनाला आमचा कार्यक्रम होता. संध्याकाळी सहाला, उघड्यावर. मुद्दाम माइक, स्पीकर, कीबोर्ड सगळं लावलेलं. तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याला वीज गेली. कीबोर्ड मेला, माइक मेला. गाणाऱ्या बाई क्षणभर गप्प झाल्या. पेडणेकर थांबलेच नाहीत. त्यांनी फक्त बोटं अधिक खोल घातली, एवढंच मला दिसलं. आणि प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीतून तो आवाज माझ्या पाठीला लागला. बाईंनी त्या आवाजावर सूर पकडला आणि नुसत्या गळ्याने गाणं पुरं केलं. शेवटच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं होतं. माझ्या पावलांनी ती रांग एकतीस पावलांवर होती.

नंतर एक आजी त्यांच्याकडे आल्या. "अहो, तुमच्या या मोठ्या वीणेला बॅटरी असते का?"

"असते," पेडणेकर म्हणाले. "आज सकाळी तीन पोळ्या खाल्ल्या तिने."

तीन वर्षांपूर्वी सबनीस मंडळाचे सचिव झाले. सबनीस वाईट माणूस नाही, हे मी लिहायला हवं. ते वक्तशीर आहेत, इतिवृत्त नीट लिहितात. पण त्यांना जागेचं वेड होतं. हॉलची आतली खोली बासने अडवली आहे, तो रिक्षात मावत नाही, कार्यक्रमाला त्याच्यासाठी वेगळा टेंपो लागतो, हे ते प्रत्येक बैठकीत बोलत. मग कुठेतरी त्यांनी त्या लाकडी बास गिटारचा व्हिडिओ पाहिला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आवाज तोच, जागा पाव.’

पेडणेकरांच्या मोबाइलवर ग्रुप नव्हता. तो व्हिडिओ मीच त्यांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि फोन मला परत दिला.

"कशावर ऐकतोयस?"

"फोनवर."

"फोनच्या भोकावर. मग त्यात ट्रक गेला तरी सायकलच ऐकू येईल."

तरी ते दुकानात यायला तयार झाले. सबनीस, ते आणि मी उल्हासनगर कॅम्प एकला नारीभाईंच्या दुकानात गेलो. नारीभाई स्वतः बास वाजवणारे, पेडणेकरांना पंचवीस वर्षं ओळखणारे. आम्हाला पाहताच त्यांनी काउंटरमागून हात केला, "आओ साईं, आओ! आज उभा आदमी आडवी देखने आया!" त्यांनी गिटार काढली, वाजवली. दुकान छोटं, तिन्ही बाजूंना वाद्यं टांगलेली. आवाज गोड होता. मी खोटं सांगणार नाही, मला फरक फारसा कळला नाही.

सबनीसांनी डोळे मिटले. "तोच! पेडणेकर, तुम्ही पण डोळे मिटा. तोच आहे."

"मिटले. तुम्ही आता कान उघडा."

पेडणेकरांनी गिटार मांडीवर घेतली. तेवढ्यात सबनीसांनी फोटो काढला. पेडणेकरांनी दोन-तीन मिनिटं एकच तार, गळ्याजवळ, मध्ये, पुलाजवळ, अशी जागा बदलून छेडली आणि नारीभाईंना परत दिली. "चांगली केलीय. लाकूड चांगलं आहे. पण ही ती नाही."

"मैं भी वही बोलता हूं," नारीभाई म्हणाले. "सबनीस साब, मैं बेचने बैठा हूं, फिर भी बोलता हूं. बिना पडदे का, सपाट गर्दनवाला माल लो, नायलॉनवाली तार डालो, ब्रिज के पास फोम दबाओ, अंगूठे से बजाओ. रेकॉर्डिंग में आदमी धोखा खा जाएगा. लेकिन चार जन साथ में बैठे, तो इसको कोई नहीं सुनेगा. पेट छोटा है इसका."

"मग माइक लावू की," सबनीस म्हणाले.

"माइक लगाओगे, तो माइक सुनोगे."

ज्याला विकायची होती तोच नको म्हणत होता. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या बैठकीत सबनीस म्हणाले की हे सगळं मतांवर चाललं आहे, एकदाची निःपक्षपाती परीक्षा होऊन जाऊ दे. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळात मोजण्याचं काम करणारा मी एकटा. मी हो म्हणालो. मला बरं वाटलं, हेही लिहितो. इतकी वर्षं हजेरी लिहिल्यावर पहिल्यांदा मंडळाला माझा उपयोग झाला होता.

पेडणेकर उभे राहिले. "दहा वेळा वाजवा. निदान आठदा बरोबर ओळखला नाही, तर बास तुमचा तुम्ही काढून टाका. मी तोंड उघडणार नाही." सबनीसांनी ते लिहून काढलं आणि पेडणेकरांनी खाली सही केली. कोणी सांगितलं नव्हतं सही करायला.

नियम मी केले. नियम नंबर एक, दोन्ही वाद्यं एकाच माणसाने वाजवायची, म्हणून नारीभाईंना बोलावलं. ते नाखुशीने आले. गिटारला त्यांनी म्हटल्याप्रमाणे नायलॉनच्या तारा लावल्या, फोम दाबला. दोन, तोच तुकडा, त्याच लयीत. तीन, कोणतं वाद्य केव्हा, ते नाणं उडवून ठरवायचं. आणि मग मी आवाज मोजणारं यंत्र आणलं, तेव्हा लक्षात आलं की उभा फारच मोठा वाजतो. नुसत्या मोठेपणावरून कोणीही ओळखेल. हे मला अन्यायाचं वाटलं. म्हणून चौथा नियम. दोन्ही वाद्यं आतल्या खोलीत, दार बंद, दोघांसमोर तोच माइक, बाहेर हॉलमध्ये तोच स्पीकर, आणि दोघांचा आवाज यंत्रावर अगदी सारखा करून घ्यायचा. शिवाय वीज हवी, म्हणून परीक्षा शुक्रवारी न घेता रविवारी.

मी दार लावलं तेव्हा पेडणेकर हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग कागद मांडीवर घेतला.

दहा वेळा वाजलं. दहा वेळा त्यांनी कागदावर लिहिलं. सहाव्या वेळेपासून त्यांचं लिहिणं मंदावलं. आठव्याला त्यांनी वाकून दोन्ही तळवे फरशीला लावले, आणि तसेच उठले. मी माझा कागद त्यांच्या कागदाशेजारी ठेवून तपासला. दहापैकी चार.

"चार!" सबनीस म्हणाले. "नाणं उडवून सांगितलं असतं तरी पाच आले असते हो!"

दोघंतिघं हसले. मीही ओठ हलवले असतील, मला नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही याचाच मला राग येतो. पेडणेकर उठले, चपला घातल्या. "चार," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. नारीभाई आतून बाहेर आले, निकाल ऐकला आणि मला म्हणाले, "ये क्या किया, साईं? दरवाजा क्यूं बंद किया?" मी त्यांना म्हणालो की शास्त्रशुद्ध पद्धत अशीच असते.

पुढच्या गुरुवारी मी हॉलची किल्ली परत करायला गेलो. स्पीकर भिंतीशी पाठ बाहेर करून ठेवला होता. त्याच्या मागच्या पत्र्यावर तो कोणत्या सुरापासून वाजतो ते छापलेलं होतं. ऐंशीपासून. सेकंदाला ऐंशी कंपनांच्या खाली तो बोलतच नाही. बासची सगळ्यात जाड तार सेकंदाला एकेचाळीस वेळा हलते. म्हणजे उभ्याचं जे खालचं अंग, ज्याच्यासाठी तो एवढा मोठा आहे, जमिनीतून जातं, पाठीला लागतं, ते मी दार लावून आत कोंडलं होतं. उरलेलं एका डब्यातून बाहेर सोडलं होतं. शिवाय जो खरा फरक होता, आवाजाचा मोठेपणा, तोही बटण फिरवून पुसला होता. आम्ही वाद्यांची परीक्षा घेतलीच नव्हती. एका स्पीकरची तुलना त्याच स्पीकरशी केली होती. पेडणेकरांनी जे चार ओळखले तेही आश्चर्यच.

माझी एवढ्या वर्षांची नोकरी यावर चालते. कोणतंही मोजमाप करण्यापूर्वी साधनाचा पल्ला तपासायचा, हे मी दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. तो पत्रा मी परीक्षेपूर्वी वाचला नव्हता. स्पीकर मंडळाचा, रोजचा, म्हणून वाचला नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी तळमजल्यावर गेलो. पेडणेकर बाहेरच्या कट्ट्यावर शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. पत्र्यावरचा आकडा, तारेचा आकडा, दार, बटण. परीक्षा रद्द करायला हवी, मी लेखी देतो, असं म्हणालो. ते शेंगा सोलत राहिले.

"झालं सांगून?"

"हो."

"मला आत्ता सांगतोस? दार लावलंस तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

शेंगांचं ताट त्यांनी एवढ्या जोरात खाली ठेवलं की दाणे माझ्या पायावर आले. "कारण तू लावलंस! सबनीसाने लावलं असतं तर त्याला जिन्यावरून ढकलला असता. मला वाटलं, मापारी लावतोय म्हणजे त्याने काहीतरी बघितलं असेल. मला कळत नाही असं काहीतरी. गप्प बसलो. पहिल्यांदा आयुष्यात गप्प बसलो, मेल्या, तुझ्यावर सोडून."

मी पायावरचे दाणे वेचून ताटात टाकले. मग पुन्हा म्हणालो, "मी आज लेखी देतो. पुन्हा घेऊ परीक्षा. शुक्रवारी, वीज नसताना, दार उघडं ठेवून."

"नाही."

"का नाही?"

"दहा आले असते तर मी तुझा स्पीकर उलटा करून वाचायला गेलो असतो? बोल. गेलो असतो?"

"नाही."

"तू गेला असतास?"

मी खरं ते सांगितलं. "नाही."

"मग चार आले म्हणून आता वाचायचा नाही. सही केलीय मी." त्यांनी ताट परत मांडीवर घेतलं. "आणि तू मला पळायला भोक दाखवायला आलास. त्या दाराचा राग गेला असता कदाचित. याचा नाही जाणार."

तरी मी सबनीसांना लेखी दिलं, दोन पानी, आकड्यांसकट. त्यांनी वाचलं. म्हणाले, "तुमचं बरोबर असेलही. पण निकाल इतिवृत्तात गेला. आणि खुद्द पेडणेकरांची हरकत नाही." बास एका लॉनवाल्याने घ्यायचं ठरलं होतं, बदलापूरच्या पुढे. लग्नाच्या हॉलच्या दाराशी दिव्यांच्या माळा सोडून उभा करायला. माझं पत्र इतिवृत्तात नाही. मी दोनदा मागणी केली, अजून नाही.

गिटार आली. ती माइकवर वाजते. शुक्रवारी वीज नसली की तिच्यासमोर बसलेल्या दोघांना ऐकू येते, तिसऱ्याला नाही. म्हणून आता मंडळ रविवारी भरतं आणि नाव मात्र शुक्रवार मंडळ आहे. वाजवणारा माणूस चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. आडवी उभ्यासारखी वाजते का, असं मला कोणी विचारलं तर मी विचारतो, कुठे? तुमच्या फोनवर, तुमच्या स्पीकरवर, बंद दारामागे? वाजते. मी पुरावा दिलेला आहे, दहापैकी सहा. खोलीत, माणसांमध्ये, उघड्या दाराने? नाही वाजत. जवळजवळही नाही.

पेडणेकर पुन्हा मंडळात वाजवायला आले नाहीत. बास गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात ते मुलीकडे सावंतवाडीला गेले आणि तिथेच वारले. मला त्यांनी त्या शुक्रवारनंतर एकदाच हाक मारली, ज्या दिवशी बास न्यायला हॉलखाली टेंपो आला त्या सकाळी. तेही मदत हवी म्हणून नाही. दुसरं कोणी जवळ नव्हतं म्हणून.

टेंपोवाल्याने मागचा फळका पाडून ठेवला होता. "काका, आडवा टाका ना. चादर घालतो खाली. वीस मिनिटांत पोचवतो."

"आडवा? पूल मोडेल त्याचा. तुझ्या बापाला टाक आडवा."

"अहो, ते लोक तिथे फक्त दिवे लावणार आहेत त्याला."

"ते तिथे काय लावतात ते त्यांचं त्यांनी बघावं. तिथे पोचेपर्यंत तो वाद्य आहे." मग माझ्याकडे न बघता, "मापाऱ्या, दोरी धर."

मी धरली. आम्ही बास उभा केला, पाट खाली घातला, दोन्ही बाजूंनी हौद्याच्या कड्यांना दोऱ्या बांधल्या. माझी गाठ त्यांनी सोडून पुन्हा बांधली. मी म्हणालो, मी येतो बरोबर. त्यांनी मान हलवली, नाही. स्वतः चढले, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, चपला खाली काढून. बासला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि हौद्यात उभे राहिले. बासची मान ड्रायव्हरच्या टपाच्या वर हातभर निघत होती.

टेंपो निघाला. त्यांनी टपावर कपाळ आपटून पहिलाच हुकूम दिला, "हळू!" तो इतका हळू चालला की मी रस्त्याच्या कडेने साध्या चालीने बरोबर राहू शकत होतो. खड्डा आला की "थांब!" खड्डा टळला की "चल!" मागे रिक्षा साचायला लागल्या. मी मोजल्या, चौकापर्यंत अकरा. अकराही हॉर्न वाजवत होत्या. पेडणेकरांचे दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे त्यांना कोणाकडे बोटही दाखवता येत नव्हतं. ते मान वळवून एकेका रिक्षावाल्याकडे बघत होते, पहिल्याकडे, मग दुसऱ्याकडे, आणि प्रत्येकाला वेगळी शिवी देत होते. चौकात टेंपो वळला. मी थांबलो. ते दिसेनासे झाले तेव्हा बहुधा सातव्यावर होते.